कलाकार: अज्ञात

एका सकाळी यादीतलं अकरावं गाणं राखाडी झालं.
बोट ठेवलं, काही नाही.
खाली बारीक अक्षरात: तुमच्या भागात उपलब्ध नाही.
माझा भाग म्हणजे इंदोरा, पाण्याच्या टाकीमागे.
इथे तर काल रात्रीपर्यंत होतं.
पैसे कापल्याचा मेसेज मात्र वेळेवर आला.

तथागत म्हणाला, "मावशी, भाड्याच्या घरात
खिळा ठोकता येत नसते."
त्यानंच बर्डीवरून आणून दिला
एका बुडालेल्या पतपेढीचा संगणक,
अंगावर अजून स्टिकर: काउंटर क्र. ३.
रात्री जेवून दोघं बसलो.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावत होत्या.
"हे होऊन रायलं का बिघडून रायलं?"
"होऊन रायलं," तो म्हणे.
तीन वेळा बिघडलं.

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
यंत्राचा पंखा गिरणीसारखा घरघरे.
शेवटी दिवाणाखालून काढून कूलरसमोर ठेवलं,
("थोडं लांब, मावशी, ओल लागते")
माझी जागा त्याला दिली, मी भिंतीकडे सरकले.
खसच्या ताट्या नव्या घातल्या त्याच्यासाठी.
माणसांसाठी दोन उन्हाळे टाळलं होतं.

मग कॅसेटी निघाल्या,
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून एकतीस.
सातांना बुरशी.
एकीची फीत टेपनं गिळली,
पेन्सिलीनं गुंडाळता गुंडाळता तुटली.
तिच्यात काय होतं ते आता कळायचं नाही.
बाकी सगळं बाबांचं मंडळ,
चौकाचौकातले मांडव, उसना टेपरेकॉर्डर.
भांडेवाडीच्या एका गाण्यात, नेमक्या दुसऱ्या कडव्यात
छोट्या गाडीची शिटी येते.
ती गाडी आता नाही.
बाबा शिटी संपेपर्यंत थांबतात,
"हं" म्हणतात, आणि पुढचं उचलतात.

यंत्रानं सगळ्यांना एकच नाव दिलं होतं.
अज्ञात कलाकार. अज्ञात अल्बम.
तेवीस कॅसेटी, एकशे त्र्याण्णव वेळा अज्ञात.
ड्युटीवरून आले की चहा ठेवायची
आणि एकेक खोडायची.
गायक: शालिक गोंडाणे, बिडी कारखाना.
कारखान्याला रकाना नव्हता, नावातच लिहिला.
ढोलकी: कवडू. आडनाव कोणाला आठवेना,
तीन घरी फोन केले.
कोरस: पंचफुला, बेबी, रायवंता,
आणि मागे एक बाई, जिचा आवाज सगळ्यांच्या वर जातो.
तिच्यासाठी अजून काही लिहिलं नाही.
तो रकाना रिकामा आहे.
अज्ञात नाही.

खोटं कशाला बोलू, कंपनीची कधी कधी आठवण येते.
नाइट करून आले की ती न विचारता
नेमकं काहीतरी लावायची.
हे यंत्र मागितलं तेवढंच वाजवतं,
आणि लाइन गेली की
आमच्यासारखंच अंधारात बसतं.

पासवर्ड सगळ्या घराला पाठवला होता.
हिवराजलाही, भिलाईला.
मागच्या खोलीच्या भिंतीवरून आम्ही
सहा वर्षं बोललो नाही.
त्याचं उत्तर आलं नाही.

काल तथागतनं शिकवली तशी नोंदवही उघडली.
रात्री दोन वाजून दहा मिनिटं.
खातं: हिवराज. गाणं सातवं.
तीन मिनिटं बेचाळीस सेकंदांपर्यंत, मग मागे.
पुन्हा तीन बेचाळीस. पुन्हा मागे.
नऊ वेळा.

तीन बेचाळीसला बाबांना ठसका लागतो.
पेटी एकटीच चालत राहते.
कोणीतरी धावत येतं, भांडं माइकला लागतं.
ते भांडं आणणारा तेव्हा
दुसरीत होता.

फोन नाही केला.
सातव्या गाण्यात ढोलकीच्या खाली एक ओळ वाढवली,
पाणी: हिवराज.
त्याच्याकडे दिसते की नाही, कोण जाणे.
कूलर बुडाशी आला होता,
बादली घेऊन उठले.